रिकामा पेशंट

अजित परत गेला त्याला आता काही महिने झाले, तरी इथे सिडनीत, वेंटवर्थव्हिलच्या इंडियन दुकानात कुणी ना कुणी मला अडवतंच. "चित्राताई, तुमच्याकडचा तो पीएचडीवाला परत का गेला हो?" मी म्हणते, तो पीएचडीवाला झालाच नाही, म्हणून गेला. मग विचारणाऱ्याचं लक्ष भेंडीकडे जातं. पूर्ण ऐकायला कुणाला वेळ नसतो. अर्धवट ऐकून मात्र दोन तट पडलेत: एक म्हणतो अजित देवमाणूस, दुसरा म्हणतो महामूर्ख. मी त्याची घरमालकीण. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, तेव्हा मीच सांगते, आणि सांगताना माझं डोकं तापलं तर तापू दे.

मी मूळची मुलुंडची. २००८ साली कुकरीचा कोर्स करायला सिडनीत आले. तेव्हा निम्मा भारत इथे एकतर स्वयंपाक शिकत होता नाहीतर केस कापायला, कारण त्यातून पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, मिळायची. मला पंचवीस जणांचं सूप ढवळायला शिकवलं, पीआर मिळाली, आणि आता मी वेस्टमीडला हॉस्पिटलच्या किचनमध्ये पेशंटच्या जेवणाचे ट्रे लावते. नवरा लांबच्या रूटवर ट्रक चालवतो, त्यामुळे घरात बहुतेक वेळ मी आणि माझी बडबड. मागच्या अंगणात ग्रॅनी फ्लॅट आहे, दोन खोल्यांचा. तो भाड्याने देते.

कोविडनंतर बॉर्डर उघडली आणि विद्यार्थ्यांचा जो लोंढा आला, तो तुम्हाला आठवत असेल. एका खोलीत चार-चार मुलं, हॉलमध्ये पडदा लावून आणखी एक. माझ्या ग्रॅनी फ्लॅटची जाहिरात टाकली तर गेटबाहेर रांग लागली. सगळी विशी-बाविशीची पोरं, आणि त्यांच्यात बायको-मुलीला घेऊन उभा असलेला एक टक्कल पडायला लागलेला माणूस. मला वाटलं कुणाचा तरी बाप आलाय. विचारलं तर म्हणाला, "नाही, मीच स्टुडंट आहे." माझा जीव तिथेच कळवळला. चावी त्याला दिली.

छत्तिसाव्या वर्षी विद्यार्थी झालेला माणूस. चिंचवडचा. तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता. टेस्टर म्हणजे काय, हे मी त्याच्याकडूनच शिकले: दुसऱ्याने प्रोग्रॅम लिहायचा आणि याने तो मोडून दाखवायचा. कंपनीने एक दिवस टेस्टर लोकांना बसवून सांगितलं की आता तुमचं काम मशीनच करणार. याने विचार केला, मशीन माझं काम खाणार असेल तर मीच मशीन शिकतो. चिंचवडचा फ्लॅट विकला आणि डेटा सायन्सच्या मास्टर्सला इथे आला. बायको सुखदा, तिकडे शाळेत शिकवायची, इथे टूंगॅबीच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घालायला लागली. मुलगी उर्वी, तेव्हा सहा वर्षांची, तीन महिन्यांत आम्हाला इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायला लागली.

टेस्टरपणा त्याच्या हाडीमांसी खिळलेला होता. मी त्याला घराची चावी दिली तेव्हा त्याने आधी स्वतःच्या सायकलची चावी कुलपाला लावून बघितली. मी म्हटलं, "अरे, ती नाही." तर म्हणतो, "माहीत आहे ताई. चुकीच्या चावीने उघडत नाही ना, ते बघतोय." माझ्या नव्या मिक्सरला भांडं न लावता बटण दाबून बघितलं. उर्वीच्या शाळेचं ॲप आलं तर पहिल्यांदा सगळे रकाने रिकामे ठेवून सबमिट केलं. "रिकामं टाकल्यावर काय करतं, हे आधी बघायचं. भरलेलं तर कुणीही चालवून दाखवतं," असं म्हणायचा. सुखदा हसायची तेव्हा. "ताई, लग्नाच्या आधी मलाही असंच तपासलं याने," म्हणायची.

पहिलं वर्ष बरं गेलं. बरं म्हणजे काय, सगळ्यांचं जातं तसं: तो दिवसा युनिला, म्हणजे युनिव्हर्सिटीला, संध्याकाळी गोडाउनमध्ये खोकी लावायला, आणि सुखदा आपल्या शिफ्टला. पण एक ठरलेला रस्ता होता. मास्टर्स संपलं की दोन-तीन वर्षांचा वर्क व्हिसा, त्यात नोकरी, मग पीआर. हजारो लोक त्या रस्त्याने गेलेत. मीही तसल्याच एका रस्त्याने आले.

आणि मग सरकारने तो रस्ता मध्येच खणून ठेवला. जुलै २०२४ पासून त्या व्हिसाला वयाची अट, पस्तिशीची. आधी पन्नास होती. अजित सदतीस वर्षांचा. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी तो माझ्या किचनमध्ये आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "ताई, मी म्हातारा झालो." मी सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फी घेताना वय दिसलं नाही का मेल्यांना? पण माझ्या शिव्यांनी कायदा बदलत असता तर हा देश कधीच सुधारला असता.

एकच फट उरली होती. संशोधनवाल्यांना, पीएचडी करणाऱ्यांना, जुनीच पन्नाशीची सूट होती. म्हणजे अजितला पीएचडीची जागा मिळाली, तीही स्कॉलरशिपसकट, तर हे तिघं राहणार. नाहीतर मास्टर्स संपलं की सामान बांधायचं. चिंचवडला परत जायला घरसुद्धा नव्हतं. सगळं त्या एका जागेवर येऊन ठेपलं होतं, आणि ती जागा होती ग्रेगच्या हातात.

ग्रेग हा त्याचा प्रोफेसर. अर्ध्या चड्डीत युनिला येणारा, गोड बोलणारा माणूस. त्याच्याकडे एक प्रोजेक्ट होता. लांबच्या एका गावातल्या हॉस्पिटलचा डेटा: वॉर्डातल्या पेशंटच्या छातीला पट्टा लावलेला असतो, तो नाडी, श्वास, ऑक्सिजन टिपत राहतो. त्यावरून कुणाची तब्येत बिघडणार हे मशीनने काही तास आधी सांगायचं. म्हणजे नर्सला वेळेत धावता येईल. अजितने फायनल प्रोजेक्ट म्हणून तेच घेतलं. ग्रेग म्हणाला, हे चांगलं झालं तर यावरच मोठी ग्रँट मागतो, आणि त्या ग्रँटमध्ये एक पीएचडीची सीट तुझी.

मला हे काम काय आहे ते एकदा त्याने पोळ्या लाटता लाटता समजावलं. पोळ्या मी लाटत होते, तो नुसता बसला होता.

"बघा ताई, एक पेशंट वॉर्डात चार दिवस असतो आणि एक पाच तास. म्हणजे एकाची आकड्यांची ओळ लांबच लांब, दुसऱ्याची बुटकी. पण आम्ही जी लायब्ररी वापरतो..."

"लायब्ररी? पुस्तकांची?"

"नाही हो. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम. तिला सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या लागतात. आकड्यांचा चौकोनी ठोकळा करून द्यावा लागतो, त्याला टेन्सर म्हणतात. मग बुटक्या ओळीच्या शेपटीला शून्यं चिकटवायची, लांब ओळीएवढी होईपर्यंत. पॅडिंग म्हणतात त्याला."

"म्हणजे फोटोत डोकी सारखी यावीत म्हणून बुटक्या पोराच्या पायाखाली पाट द्यायचा."

"अगदी तेच. फक्त मशीनला बजावून ठेवायचं की पाटाकडे बघू नकोस, पोराकडे बघ."

मला वाटलं, एवढंच असेल तर सोपं आहे. आणि त्याचं जमलंही. सप्टेंबरमध्ये निकाल आला: मशीन शंभरातल्या चौऱ्याण्णव पेशंटबद्दल बरोबर सांगत होतं. ग्रेगने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "माझ्या दृष्टीने तू आत आलास, मेट." ग्रँटचा अर्ज महिन्याच्या शेवटी जायचा होता, आणि जानेवारीत तिकडच्या हॉस्पिटलमध्ये एका वॉर्डात ते मशीन लावून बघायचंही ठरलं. त्या रविवारी सुखदाने पुरणपोळ्या केल्या. इतकी बोलकी झालेली मी तिला कधी बघितलं नव्हतं. पीएचडी सुरू झाली की वृद्धाश्रम सोडून शिक्षकीचं रजिस्ट्रेशन करते, असं मला तिने तीन वेळा सांगितलं. अजित नुसता तूप ओतून घेत होता. म्हटलं, घोडं गंगेत न्हालं एकदाचं.

पुढच्याच रविवारची गोष्ट. दुपारची वेळ, मी मागे दोरीवर कपडे वाळत घालत होते. उर्वी कुणाच्या तरी बर्थडेला गेली होती, सुखदा शिफ्टला. अजित ग्रॅनी फ्लॅटच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. बराच वेळ त्याची काही हालचालच दिसेना, म्हणून मी हाक मारली. त्याने मान वर केली तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला होता.

"काय रे, घरून फोन आला का?"

"नाही. मी रिकामा पेशंट टाकला."

मला काही कळलं नाही. त्याने सांगितलं. काम सगळं झालं होतं, निकाल लागला होता, ग्रेग खूश होता. पण याला जुन्या सवयीने राहवेना. याने मशीनला एक पेशंट दिला ज्याला नाडी नाही, श्वास नाही, काहीच नाही. नुसती शून्यं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पेशंटच नाही. मशीनने म्हणायला हवं होतं, मला काही माहीत नाही. मशीन म्हणालं, याची तब्येत नक्की बिघडणार.

"मग बिघडलंच असेल काहीतरी मशीनमध्ये. त्यात काय एवढं," मी म्हणाले.

"मीही तेच म्हटलं. मग मी उलटं केलं. सगळ्या खऱ्या पेशंटचे आकडे काढून टाकले आणि सगळ्यांना एकच खोटी नाडी लावली. फक्त कुणाला किती शून्यं जोडलीत तेवढं तसंच ठेवलं. ताई, उत्तरं जवळजवळ तीच आली. माणसं काढून टाकली तरी तीच."

मग चूक कुठे आहे ते त्याने मला दाखवलं. मला स्क्रीनवरचं काय कळणार, पण तो दाखवत राहिला. सुरुवातीला त्याने मशीनला बजावलं होतं, शून्यांकडे बघू नकोस. पण शेवटी सगळ्या ओळीची सरासरी काढायची असते, तिथे बजावायचं राहिलं. सरासरीत शून्यंही धरली गेली. जितकी शून्यं जास्त तितकी सरासरी खाली. मशीन हुशार, त्याला कळलं की पोराकडे बघायची गरजच नाही, पाट केवढा उंच आहे तेवढं बघितलं की झालं.

"पण उत्तर बरोबर कसं येत होतं मग?"

"कारण ज्याची तब्येत बिघडते त्याला लगेच आयसीयूत हलवतात. वॉर्डातला पट्टा काढतात. त्याची ओळ तिथेच संपते. म्हणजे बुटकी ओळ कुणाची? बिघडलेल्याची."

हे मात्र मला झटकन कळलं. आमच्याकडेही तेच. ट्रे घेऊन वॉर्डात जावं तर बेड रिकामा असतो आणि नर्स म्हणते, वर हलवलं.

"म्हणजे तुझं मशीन माणूस आयसीयूत गेल्यावर सांगणार की हा आयसीयूत जाणार आहे. वरातीमागून घोडं."

तो हसला नाही. "त्याहून वाईट. जानेवारीत वॉर्डात लावलं तर तिथे सगळ्यांच्या ओळी चालूच असणार. कुणाच्याच मागे शून्यं नसणार. हे सगळ्यांना ठणठणीत म्हणत बसेल. आणि मशीन गप्प आहे म्हटल्यावर नर्स एक फेरी कमी मारेल."

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. पण मी सरळ सांगते, मला त्या लांबच्या गावातले पेशंट दिसले नाहीत. मला सुखदा दिसली. मी म्हणाले, "कुणी सांगितलं होतं तुला तपासायला? झालं होतं ना सगळं? याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण."

सुखदा शिफ्टवरून आली तेव्हा तो तिला सांगायला थेट माझ्या किचनमध्ये घेऊन आला. एकट्याने सांगायची हिंमत नव्हती त्याची. ती उभ्यानेच ऐकत होती, गळ्यात अजून कामाचं ओळखपत्र. मला वाटलं ती रडेल, ओरडेल. तिने तसलं काही केलं नाही. शांतपणे विचारलं, "दुरुस्त केल्यावर किती येतात?"

"साठच्या आसपास. नाणं उडवण्यापेक्षा जरा बरं."

"ग्रेगला कळलंय?"

"नाही."

"त्याला आपणहून कळेल?"

"नाही. रिकामा पेशंट कोण टाकून बघतं."

मग ती बसली. बाई हुशार, तिने एक एक गोष्ट नीट मांडली. अर्ज महिन्याच्या शेवटी जाणार. डिसेंबरमध्ये सीट पक्की होणार. वॉर्डात मशीन लागणार जानेवारीत. "मग डिसेंबरच्या शेवटी सांग ना. सीट हातात आल्यावर. म्हण, आत्ता लक्षात आलं. तोवर कुणाचंही काही वाईट होत नाही, एकाही पेशंटला ते मशीन लागलेलं नाही. मी तुला खोटं बोल म्हणत नाही, अजित. थांब म्हणते."

खरं सांगते, मला त्यात काही चूक दिसली नाही. आजही दिसत नाही. मी म्हणाले, "बरोबर बोलतेय ती. तीन महिने तोंड बंद ठेवायचं फक्त."

अजित टेबलाकडे बघत म्हणाला, "ग्रँट त्या चौऱ्याण्णववरच मिळणार आहे. ते पैसे दुसऱ्या कुणाच्या खऱ्या कामाला मिळाले असते."

"त्या दुसऱ्याला तू ओळखतोस?" सुखदाने विचारलं. "मला ओळखतोस?"

मी गॅसवर चहा ठेवला. तो कुणीच प्यायलं नाही.

सोमवारी त्याने ग्रेगला सांगितलं. घरी येऊन आम्हाला म्हणाला, सांगितलं. एवढंच. सुखदा डबा भरत होती, तिने झाकण लावलं आणि शिफ्टला निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, तो प्रोफेसर नालायक असणार. मलाही तेच हवं होतं हो. माझी इतकी इच्छा होती की तो माणूस चिडावा, दाबून टाक म्हणावा, म्हणजे मला त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती. पण नाही. ग्रेग इथल्या पद्धतीने शाबासकी देत म्हणाला, "गुड ऑन यू, मेट." अजितला कॉफी पाजली. अर्ज मागे घेतला. हॉस्पिटलला कळवलं की जानेवारीचं राहू द्या. सगळं रीतसर, सरळ, जसं व्हायला हवं तसं. आणि ग्रँट नाही म्हणजे सीट नाही, हेही त्याने तितक्याच सरळपणे सांगितलं. त्याच्याकडे दुसरे पैसे नव्हते. शिफारस लिहून दिली, अशी सुंदर की मी वाचली तेव्हा मला तो कागद फाडावासा वाटला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते हेच.

मग तीन महिने धडपड. दुसऱ्या प्रोफेसरांना मेल, दुसऱ्या युनींना मेल. एकाची जागा भरलेली, एक म्हणाला पुढच्या वर्षी बघू, आणि पुढचं वर्ष यांच्या व्हिसात नव्हतं. साठ टक्क्यांचं मशीन घेऊन आलेल्या सदतीस वर्षांच्या माणसाला कोण दारात उभं करणार? कंपन्यांना अर्ज केले. पहिला प्रश्न व्हिसा किती दिवसांचा. मी म्हटलं, सुखदाच्या नावाने कुठलातरी कोर्स घ्या आणि तिच्या स्टुडंट व्हिसावर राहा, लोक राहतात. पण त्याला लागणारं बळ फ्लॅटच्या पैशांत आता उरलं नव्हतं, आणि एजंट म्हणाला की अर्ज केलात तरी नाकारतील, उगीच शिक्का बसेल. सगळीकडून दारं बंद होत गेली, आणि एकाही दारामागे कुणी दुष्ट माणूस उभा नव्हता. मला भांडायला कुणी मिळेना. माझ्यासारख्या बाईचे काय हाल झाले असतील बघा.

घरात सुखदाचं त्याच्याशी बोलणं बंद झालं. भांडण नाही, आदळआपट नाही. उर्वीला सांगायची, "बाबाला सांग, वाढलंय." उर्वी सांगायची, "डॅड, डिनर." मला ते बघवायचं नाही, पण ग्रॅनी फ्लॅटची खिडकी माझ्या सिंकसमोरच आहे.

प्रोजेक्टला त्याला सगळ्यात वरचे मार्क मिळाले. चूक शोधली, कबूल केली, नीट लिहिली म्हणून. पदवीदानाला भाड्याचा काळा झगा घालून गेला. सुखदा शिफ्ट बदलून घेऊ शकली असती, तिने घेतली नाही. मी गेले. बाहेर हिरवळीवर विशीतली पोरं टोप्या उडवत होती आणि त्यांच्यात हा उभा. मी फोटो काढला, तोही कसाबसा हसला. ट्रेनमध्ये मी शेवटी विचारलंच.

"बरं वाटतंय का आता तरी? मन हलकं झालं?"

"नाही," तो म्हणाला. "मला वाटलं होतं होईल. लोक म्हणतात ना, खरं बोललं की झोप लागते. मला नाही लागत."

"मग का केलंस?"

"ताई, दिसल्यावर न दिसल्यासारखं कसं करतात, ते मला येत नाही. येत असतं तर केलं असतं. शप्पथ."

मला त्याचा राग आला आणि दयाही आली. दोन्ही एकदम येणं फार वाईट. मी पर्समधून चिवड्याची पुडी काढून त्याच्या हातात दिली आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

सुखदा माझ्याशी एकदाच बोलली त्याबद्दल. सामान बांधत होती, उर्वीचे लहान झालेले कपडे मला देण्यासाठी बाजूला काढत होती. म्हणाली, "ताई, त्याने चोरी केली असती ना, तर मी त्याच्या बाजूने उभी राहिले असते. जगाशी भांडले असते. आता कुणाशी भांडू? तो चांगला आहे. सगळे म्हणतात चांगला आहे. चांगला तो ठरला आणि फेडलं मी. माझ्या पोरीने फेडलं. त्याने आम्हाला सांगितलं फक्त. विचारलं नाही." मी तिच्या हातातला फ्रॉक घेतला आणि घडी घालत बसले. मला काही सुचलं नाही. मला, चित्राला, बोलायला काही सुचलं नाही.

मार्चमध्ये मी त्यांना गाडीने एअरपोर्टला सोडलं. उर्वीला आधी सांगितलं होतं की आजीकडे जातोय, पण आठ वर्षांची पोर, तिला सगळं कळलं होतं. शाळेतल्या मैत्रिणींनी कार्ड बनवून दिलं होतं, ते तिने रस्ताभर मांडीवर धरलं होतं. चेक-इनच्या रांगेत आम्ही चौघं उभे. अजित ट्रॉली धरून पुढे, सुखदा आणि उर्वी मध्ये, मी दोरीच्या बाहेर.

उर्वीने आईचा हात ओढला. हळू बोलायचा प्रयत्न केला तिने, पण पोरांचं हळू म्हणजे सगळ्यांना ऐकू जातं. "मम, डिड डॅड डू समथिंग राँग?"

अजितची पाठ ताठ झाली. तो वळला नाही, पण तो ऐकत होता. आपली बायको आता काय म्हणते याची वाट बघत होता. ती त्याच्याशी बोलली त्याला महिने झाले होते, आणि आता 'नाही' एवढा एक शब्द तिच्या तोंडून यायचा होता.

सुखदाने उर्वीच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाली, "चल, नंबर आला आपला."

नंबर आला नव्हता. पुढे अजून दोन कुटुंबं होती. उर्वीने माझ्याकडे बघितलं. मी मोठी, मी तोंडाळ, मी आयुष्यात कुणाला उत्तर द्यायची राहिले नाही. नाही गं बाळा, तुझ्या बाबाने काही चुकीचं नाही केलं, एवढंच म्हणायचं होतं. ओठावर आलं, आणि माझ्या मनात आलं, केलंच की त्याने. ते मनात आलं आणि मी गप्प राहिले.

तेव्हा अजित वळला. त्याने एकदा सुखदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग खाली वाकून मुलीला म्हणाला, "हो बेटा. बाबाचं चुकलं."

आणि आम्हा दोघींपैकी एकीनेही त्याला अडवलं नाही.